फेऱ्यांचा हिशेब

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहाव्यात, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. आपल्या वसतिगृहातील पहाटेची वंदना, नागलीची भाकरी, आषाढात चार-चार दिवस न वाळणारे कपडे यांविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते विज्ञानखोलीच्या कपाटात ठेवलेल्या एका लहानशा उपकरणाविषयी. एका मिनिटात एखादे चाक किती वेळा फिरले, एवढेच ते सांगते. परंतु त्या एका आकड्यामुळे हरसूल परिसरातील काही घरांच्या तांदळातील कणी कमी झाली, आणि ज्यांचे म्हणणे आजवर हसण्यावारी नेले जात होते, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले. म्हणून ही हकीकत नोंदवून ठेवावीशी वाटते.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मापन-उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. गेली दोन वर्षे महिन्यातील एखादा रविवार नववीच्या मुलामुलींबरोबर शाळेच्या विज्ञानखोलीत घालवतो. अशाच एका रविवारी मोजमाप या विषयावर बोलणे चालले असता एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. तिच्या पाड्यालगतच्या गिरणीत भात भरडले की तांदळात कणी फार येते; मामाच्या गावी तितकी येत नाही. तिची आजी म्हणते, “गिरणी लईच पळते.” गिरणीवाले म्हणतात, “तुमचं भातच नीट वाळलेलं नसतं.” या दोघांपैकी खरे कोणाचे?

शहरातील वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्यांच्या घरी पावसाच्या भरवशावर वर्षातून एकच भाताचे पीक येते, त्यांच्यासाठी अख्खा तांदूळ आणि कणी यांत मोठे अंतर असते. अख्खा तांदूळ विकता येतो, पाहुण्यापुढे मांडता येतो. कणीची पेज होते. शेतात महिनोन्‌महिने चिखल तुडवून पिकवलेला दाणा शेवटच्या दहा मिनिटांत गिरणीत तुटावा, आणि त्याचा दोषही पिकवणाऱ्याच्याच माथी यावा, हे त्या मुलीला खटकले होते.

दाणा तुटण्याची कारणे अनेक असतात. भात फार ओले असेल तर ते चिरडते. कडक उन्हात घाईने वाळवले तर दाण्याला आतून बारीक तडे जातात. गिरणीतील पात्याची फट फार कमी असेल, किंवा आतील रूळ प्रमाणाबाहेर वेगाने फिरत असेल, तरीही दाणा तुटतो. म्हणजे आजीचे म्हणणे शक्य होते, आणि गिरणीवाल्यांचेही. निवाडा करायचा तर प्रथम एक गोष्ट कळायला हवी होती : गिरणी खरोखर किती वेगाने फिरते?

आपल्या शाळेत कालाम सुत्त शिकवले जाते. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, स्वतः पारखून मगच स्वीकारावी, हा त्याचा आशय आपणा सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. तो गिरणीच्या पट्ट्यापर्यंत नेता येतो का, हे पाहण्याची संधी त्या प्रश्नाने आणून दिली.

फेरे मोजणाऱ्या उपकरणाला टॅकोमीटर म्हणतात. कारखान्यात तो तयार मिळतो. आम्ही मात्र तो विज्ञानखोलीतच बनवावा असे ठरवले, कारण विकत आणलेल्या उपकरणाचा आकडा मुलांनी पुन्हा विश्वासावरच घेतला असता. साहित्य साधे होते : आर्डुइनो उनो नावाचा एक लहान संगणकी फलक, अवरक्त प्रकाश देणारा एक एलईडी, त्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक फोटोट्रान्झिस्टर, दोन ओळींचा अंकदर्शक, काही रोधक, वायर आणि वीजजोडणीच्या काळ्या पाइपचा बोटभर तुकडा. आर्डुइनो हा फलक २००५ साली इटलीतील इव्हरेया येथे विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून तयार झाला. सारे साहित्य हजार रुपयांच्या आत आले.

त्याचे काम असे चालते. फिरणारी पुली काजळीने काळी करायची आणि तिच्यावर पांढऱ्या कागदाची एकच पट्टी चिकटवायची. एलईडीचा अदृश्य प्रकाश पुलीवर पडतो. काळा भाग तो गिळून टाकतो, पांढरी पट्टी समोर आली की तो परततो. परतलेला प्रकाश फोटोट्रान्झिस्टरवर पडताच फलकाला विजेची एक टिचकी मिळते. एक टिचकी म्हणजे एक फेरा. एका सेकंदात आलेल्या टिचक्या मोजून त्यांना ६० ने गुणले की मिनिटाचे फेरे मिळतात.

सायकल उलटी करून तिच्या मागच्या चाकावर पहिली चाचणी झाली. अंकदर्शकावर आकडे आले : १२०, १८०, १२०, १८०. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगा मात्र गप्प होता. तो म्हणाला, “सर, मी पायडल एकसारखं फिरवतोय. मग चाक एकदम साठ फेऱ्यांची उडी कशी मारतं?”

उडी चाकाची नव्हती, मोजण्याच्या पद्धतीची होती. एका सेकंदात दोन टिचक्या आल्या तर १२०, तीन आल्या तर १८०. अडीच टिचक्या उपकरणाला मोजता येत नाहीत. यावर उपाय दोन. सहा सेकंद मोजले तर उडी दहाची होते, पूर्ण मिनिट मोजले तर एकाची. परंतु तेवढ्या वेळात चाकाचा वेगच बदलू शकतो. दुसरा उपाय प्रश्न उलटा विचारण्याचा : एका सेकंदात किती फेरे, असे न विचारता एका फेऱ्याला किती वेळ लागला, असे विचारायचे. या फलकाला दोन टिचक्यांमधील अंतर एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपटीपर्यंत बारकाईने मोजता येते. एका फेऱ्याला ९६ मिलिसेकंद लागले, तर ६०,००० ला ९६ ने भागून ६२५ फेरे. मुलांनी आज्ञावली बदलली, दहा फेऱ्यांची सरासरी घेण्याची सोय केली, आणि उड्या थांबल्या.

तिसरा उपाय त्यांनी स्वतः शोधला, आणि तो मला फार आवडला. विज्ञानखोलीच्या भिंतीवर अशोकचक्राचे चित्र आहे. एका मुलीने पुठ्ठ्याची काळी चकती कापली आणि तिच्या कडेला एकऐवजी २४ पांढऱ्या खुणा केल्या. एका फेऱ्याला २४ टिचक्या आल्या की संथ चाकाचा वेगही चटकन मोजता येतो. तिने वहीत आकडेमोड करून दाखवले की अशा चकतीच्या टिचक्या बरोबर अडीच सेकंद मोजल्या, तर येणारी संख्या हीच मिनिटाच्या फेऱ्यांची संख्या असते. गुणाकार-भागाकार काही नको. कारखान्यांत ६० दात्यांचे चाक लावून एका सेकंदात हेच साधतात. नववीतील मुलीने ते अशोकचक्राच्या आऱ्यांवरून साधले.

त्यानंतरच्या रविवारी एक विलक्षण गोष्ट घडली. उपकरण मेजावर ठेवलेले होते, समोर कोणतेही चाक नव्हते, आणि अंकदर्शकावर मात्र ६,००० च्या आसपासचा आकडा ठाम उभा होता. “सर, चाकच नाही आणि फेरे सहा हजार!” असा गलका झाला. कोणी म्हणाले जोडणी सैल झाली, कोणी म्हणाले फलक बिघडला. मी उत्तर सांगितले नाही. खोलीतील वस्तू एकेक करून बाजूला करा, एवढेच सुचवले. मेजावरचा पिवळा बल्ब बंद करताच आकडा नाहीसा झाला.

आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते आणि प्रत्येक आवर्तनात बल्बची तार दोनदा प्रखर होते. म्हणजे सेकंदाला शंभर, मिनिटाला सहा हजार. आपल्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही, फोटोट्रान्झिस्टरला दिसतो. ही अडचण दूर करण्यासाठी काळ्या पाइपचा तुकडा पुढे वाढवला. परंतु त्याच अडचणीने आम्हाला एक अनमोल साधन दिले. उपकरण खरे बोलते की नाही, हे ताडून पाहायचे कशाशी? महागडे प्रमाणित यंत्र शाळेजवळ नाही. विजेची आवर्तने मात्र साऱ्या देशात एकच असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची जाळी उर्वरित भारताशी जोडली गेली, तेव्हापासून देशाची वीज एका तालावर चालते. हा ताल ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राखावा असा दंडक आहे. म्हणजे बल्बासमोर आपल्या उपकरणाने ५,९८८ ते ६,००६ यांच्या आतील आकडा दाखवायला हवा. मुलांनी वीस वेळा नोंद घेतली. सर्व नोंदी त्या मर्यादेत बसल्या. हरसूलच्या एका खोलीत बसून देशाच्या वीजजाळीच्या साक्षीने आपले उपकरण पारखता येते, याचे मुलांइतकेच मलाही अप्रूप वाटले.

मग मुलांनी दिसेल ते मोजले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक जुने जाते आहे. त्यावर २४ खुणांचे कडे बसवून एका मावशींना नागली दळायला सांगितले. मिनिटाला साधारण ४२ फेरे भरले. तेव्हा मी मुलांना एका ताऱ्याची गोष्ट सांगितली. १९६७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत १.३३७ सेकंदांच्या अचूक अंतराने येणाऱ्या टिचक्या आढळल्या. पृथ्वीवरील कसला तरी व्यत्यय असावा, अशी प्रथम शंका घेतली गेली, आपल्या बल्बासारखीच. तिने एकेक शक्यता तपासून बाजूला केली आणि शेवटी उरला तो स्वतःभोवती फिरणारा एक तारा, पल्सार. त्याचा किरणझोत प्रत्येक फेऱ्यात एकदा पृथ्वीवरून जातो, आपल्या पांढऱ्या पट्टीसारखा. हिशेब केला तर मिनिटाला सुमारे ४५ फेरे. म्हणजे जवळजवळ जात्याचीच चाल.

असे तारे मोजण्याचे काम आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरील नारायणगावाजवळ, खोडद येथेही चालते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या तेथील दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. २००४ साली तिने शोधलेला एक पल्सार सुमारे पाच मिलिसेकंदांत एक फेरा पूर्ण करतो. मिनिटाला जवळजवळ बारा हजार. तो आकडा काढण्याची मूळ रीत आणि आमची रीत एकच : दोन टिचक्यांमधील काळ मोजा, आणि टिचकी खरी आहे ना, याची आधी खात्री करा.

एवढी तयारी झाल्यावर आम्ही गिरणीत गेलो. गिरणीवाल्या दादांना आधी भेटून सांगितले होते की कोणाचा दोष काढायला नव्हे, वेग मोजायला येत आहोत. त्यांनी मोकळेपणाने होकार दिला. गिरणीचा पट्टा ही जीवघेणी वस्तू आहे. पदर, ओढणी, केस त्यात अडकून अपघात होतात. म्हणून नियम कडक होते. यंत्र बंद असतानाच पट्टी चिकटवायची, काळी नळी लाकडी तिवईवर घट्ट बांधायची, आणि यंत्र सुरू झाल्यावर दोन मीटर लांब वायरच्या टोकाशी उभे राहूनच आकडा वाचायचा.

गिरणीच्या पट्टीवर मिनिटाला ७०० फेरे कोरलेले होते. रिकामी चालताना उपकरणाने ८५२ दाखवले, भात घातल्यावर ८२०. मुलांनी वहीत लिहून घेतले. मग मोटारीची पट्टी वाचली : १,४४० फेरे. मोटारीवरील पुली सात इंचांची, गिरणीवरील बारा इंचांची. १,४४० ला सातने गुणून बाराने भागले तर ८४०. पट्ट्याची थोडी घसर वजा केली की आमचा आकडा मिळतो. म्हणजे उपकरण आणि गणित दोन्ही एकच सांगत होते. दादा थोडा वेळ आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, जुनी पुली फुटली तेव्हा बाजारात जी मिळाली ती बसवली. ती लहान होती की मोठी, हे कोणी पाहिलेच नाही.

सहा इंचांची पुली बसवली तर ७२० येईल आणि घसर धरून ७०० च्या जवळ, हे मुलांनी तेथेच उभ्याने काढून दाखवले. परंतु वेग कमी केल्याने कणी खरोखर कमी होते का, हे अजून सिद्ध व्हायचे होते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच मार्ग सुचवला. तीन घरांच्या भाताचे एकेक पोते घेऊन प्रत्येकाचे दोन सारखे भाग केले. एक भाग त्याच दिवशी भरडला, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवला, म्हणजे त्यातील ओल बदलू नये. पात्याच्या फटीला हात लावायचा नाही, असे दादांकडून वचन घेतले. पुढच्या रविवारी नवी पुली बसली होती. भात घातल्यावर उपकरणाने ७०२ दाखवले, आणि राखून ठेवलेला अर्धा भाग भरडला गेला.

दोन्ही वेळच्या तांदळातून एकेक किलो घेऊन एकाच चाळणीने चाळला आणि कणी तोलली. दोन घरांच्या तांदळात पूर्वी किलोमागे तीनशे ग्रॅमच्या वर कणी होती, ती सव्वादोनशेच्या आसपास आली. तिसऱ्या घराची कणीही कमी झाली, परंतु इतरांपेक्षा ती दोन्ही वेळा जास्तच होती. विचारल्यावर कळले की त्या घरचे भात डांबरी रस्त्यावर भर उन्हात एका दिवसात वाळवलेले होते. म्हणजे आजी खऱ्या ठरल्या आणि काही अंशी दादाही. मुलांनी दोन्ही गोष्टी वहीत सारख्याच अक्षरांत लिहिल्या. भात सावकाश, वरचेवर हलवून वाळवावे, हा निरोप पाड्यावर गेला. आणि सहा इंचांची पुली गिरणीवर कायम राहिली. ताशी भरड थोडी कमी होते, असे दादा सांगतात; तरी त्यांनी ती बदललेली नाही.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती आजींची गोष्ट. त्यांनी फेरे मोजले नव्हते. आयुष्यभर जात्याचा, उखळाचा, गिरणीचा आवाज ऐकलेल्या कानांनी त्यांना तो वेग कळला होता. आम्ही त्यांना नवे काही शिकवले नाही. त्यांना जे ठाऊक होते, त्याला फक्त आकडा मिळाला. परंतु आकडा नव्हता तोवर त्यांचे म्हणणे ही म्हातारीची कुरकूर होती, आणि आकडा मिळताच ते पुली बदलण्याचे कारण झाले. गरिबाचा अनुभव खरा असूनही तो मोजलेला नसल्यामुळे किती ठिकाणी मागे पडत असेल, याचा विचार त्या दिवसापासून मनातून जात नाही.

हा मार्ग आपल्याला नवा नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह उघडले. आपल्यासारख्या वसतिगृहांची ती पूर्वपीठिका. त्याच सभेच्या वतीने बाबासाहेबांनी २९ मे १९२८ रोजी सायमन आयोगापुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणाविषयी निवेदन ठेवले. आमची मुले मागे आहेत, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. कोणत्या समाजाची किती मुले कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचतात, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. जे सर्वांना दिसत होते आणि कोणी मान्य करत नव्हते, ते त्यांनी मोजून समोर ठेवले. शाळेत आपण त्यांची जयंती साजरी करतो. त्यांची ही रीतही मुलांच्या हाती यायला हवी, असे मला वाटते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. शाळेला भेटवस्तू देताना आपण भिंतीवरची घड्याळे, पंखे, ध्वनिक्षेपक देतो; तेही हवेच. परंतु विज्ञानखोलीला एक चांगला तराजू, एक विद्युतमापक, भाताची ओल मोजणारे एक उपकरण यांचीही गरज आहे. मुलांच्या वहीत पुढील प्रश्न लिहून ठेवलेले आहेत : पाड्यावरच्या विहिरीचा पंप मिनिटाला किती पाणी देतो, रेशनच्या दुकानातील काटा आणि आपला काटा जुळतो का, वसतिगृहातील सौर दिवे रात्री किती वाजेपर्यंत टिकतात. प्रत्येक प्रश्नापुढे विचारणाऱ्याच्या घरातील कोणाचे तरी म्हणणे लिहिलेले आहे : आईचे, आजोबांचे, मावशीचे. ज्यांना एखादा रविवार देता येईल त्यांनी जरूर यावे. मुले वाट पाहत आहेत.

जयभीम.